चार आडनावं, एकच गोतावळा

“मग ह्या चार घरांतलीच माणसं पाणी कमिटीवर घेऊ. काम झटपट होईल,” क्लायंटचे साहेब माझ्या लॅपटॉपकडे बघत म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

मी सांगलीतल्या एका छोट्या फर्ममध्ये नेटवर्क ॲनालिस्ट आहे. गावात कोण कोणाशी जोडलेलं आहे, याचा नकाशा काढणं हे माझं काम. कडेगाव तालुक्यातल्या एका गावात आमचा क्लायंट, एक ट्रस्ट, पाइपलाइन टाकणार होता. कुठल्या वस्तीला आधी पाणी सोडायचं, हे गावाची कमिटी ठरवणार होती. गावात वजन कोणाचं, ते आम्ही शोधायचं.

नकाशाला तीन लेअर होते. कोणाची कोणाशी सोयरीक, कोण कुठल्या संस्थेत संचालक आणि अडीनडीला लोक कोणाकडे जातात. एकेक लेअर पाहिला तर वावगं काही दिसेना. सोसायटीत एक आडनाव, दूध डेअरीत दुसरं. तिन्ही एकमेकांवर ठेवले, तेव्हा मधोमध तीच चार घरं दिसली. व्याही, मेहुणे, साडू. गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या वस्तीची एकही रेघ त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. तिथले लोक शिवणकाम करणाऱ्या शमशादचाचींकडे जायचे.

मी साहेबांना म्हणाले, “सर, ही कमिटी नाही, एक कुटुंब आहे. वरची वस्ती कोरडीच राहील. चाचींना घ्या.”

“वजनदार माणसं शोधायला सांगितलं होतं, ती शोधलीत. बाकीचं आम्ही बघू.”

माझ्या बॉसनी तर प्रेझेंटेशनमधून वस्तीची स्लाइडच काढून टाकली. “क्लायंट मोठा आहे. जरा दमानं घे.”

मला संताप आवरेना. लोकांनी विश्वासानं आपली नातीगोती सांगितली, ती काय ह्यासाठी? सर्व्हेत काय निघालं ते ग्रामसभेत सांगू, असा शब्द आम्ही दिला होता. मी तिथं पूर्ण नकाशा लावला.

एक निवृत्त सुभेदार बराच वेळ बघत होते. म्हणाले, “आवं मॅडम, ह्यो गावाचा नकाशा हाय का ह्यांच्या लग्नाची पंगत?”

सोसायटीचे चेअरमन उठले. “गावची कामं आमी न्हाई करायची, तर कुणी?”

“करा की,” मागून शमशादचाची म्हणाल्या. “पन आमच्या वस्तीचं पानी ठरवताना आमालाबी बसू द्या.”

सभेनं वस्तीला दोन जागा दिल्या. एकीवर चाची आहेत. अध्यक्ष मात्र त्या चार घरांतलाच झाला. मला प्रोजेक्टवरून काढलं.

सॉफ्टवेअर मधोमध कोण बसलंय ते दाखवतं. त्यांना आणखी जागा द्यायची की थोडं सरकायला सांगायचं, हे त्याला कळत नाही. आता काम घेण्याआधी यातलं काय करणार, ते मी क्लायंटकडून लिहून घेते. काहीजण परत फोन करत नाहीत.