आप्पासाहेबांचं सभेचं धोतर

देवळाली प्रवरात तान्ह्या बाळांना न्हाऊ घालणाऱ्या छबूबाई कोणतंही दुपटं आधी स्वतःच्या गालाला लावून पाहत. धनश्रीची लेक तीन दिवस नीट झोपली नव्हती. त्यामुळे धनश्रीही जागीच होती. पुण्याहून आलेलं चेनवालं नवं दुपटं छबूबाईंनी बाजूला ठेवलं. दोरीवरचं, बाळाच्या आजोबांचं धोतर मात्र गालाला लागताच त्यांनी मधोमध फाडलं.

"अवो, कारखान्याच्या सभेला मी काय नेसू?" आप्पासाहेब कळवळले.

"पायजमा घाला. वीस वर्सं धुतलंय, म्हनून तर लई मऊ हाय."

हात अलगद लपेटून, पाय मोकळे ठेवून त्यांनी बाळ गुंडाळलं. बाळानं जांभई दिली आणि डोळे मिटले.

आप्पासाहेबांनी उरलेलं अर्धं धोतर घडी करून पुढे केलं. "एक धुवायला पडलं, तर दुसरं लागंल की."