बोरीच्या वत्सलाबाई आणि गळ्यातली ग्रंथी

डॉ. वत्सलाबाईंची पहिली भेट झाली ती बोरीच्या त्यांच्या दवाखान्यात. नव्या कोऱ्या पदवीच्या तोऱ्यात मी मदतनीस डॉक्टर म्हणून रुजू व्हायला गेलो होतो. बाईंनी विचारले, "हार्मोन म्हणजे काय?" मी व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. बाई हसल्या आणि बाकावरच्या एका मावशींकडे बघून म्हणाल्या, "छान. आता हेच यांना सांगा." माझी बोबडी वळली. मग बाईच सांगू लागल्या, "मावशी, शरीरात काही ग्रंथी असतात. त्यांना नळी नसते, त्यांचा रस थेट रक्तात जातो. गावात दवंडी फिरते ना, तसं. ऐकू सगळ्यांना येते, पण ज्याच्यासाठी असते तोच उठतो."

"आसं व्हय! मंग ह्या डाक्टरला कामून सांगता येईना?" मावशींनी विचारले. त्या क्षणापासून मी बाईंचा शिष्य झालो. आज त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहिताना मला त्या शिष्यत्वाचा मनापासून अभिमान वाटतो.

ते नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. माणसे एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत. एका प्रतिष्ठित गृहस्थांनी बाईंना सुचवले, दलित वस्तीतल्या रुग्णांसाठी बाक वेगळा ठेवावा. गृहस्थ मधुमेही होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या स्वादुपिंडानं इन्सुलिन बनवणं कमी केलंय, ते जात बघून केलं का? बसा, तुमचा नंबर त्यांच्या मागं आहे." गृहस्थ त्याच बाकावर बसले. बाईंना आवाज चढवावा लागला नाही.

पण बाईंचे मोठेपण मला खरे कळले ते रुक्मिणबाईंच्या वेळी. चैत्राच्या उन्हात अंगावर चादर ओढून त्या सासूबरोबर आल्या. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, चाल मंद. सासू गयाबाईंनी सरळच सांगितले, "लय आळशी हाय. लेकरूबाळ बी न्हाई. हिला माहेरी राणीसावरगावला धाडून लेकाचं दुसरं करायलोत."

बाईंनी रुक्मिणबाईंचा गळा तपासला, रक्ताचा नमुना शहरात पाठवला. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावल्याचे त्यांचे निदान खरे ठरले. बाई गयाबाईंना म्हणाल्या, "मेंदूच्या तळाशी एक इवलीशी ग्रंथी असते. ती गळ्यातल्या ग्रंथीला काम सांगते. तुमच्या सुनेची वरची ग्रंथी हाका मारून थकलीय, खालची ओ देत नाही. म्हणून सगळं अंग मंदावलंय, पाळीही बिघडलीय. यात तिचा काडीचा दोष नाही. मला दिवाळीपर्यंत मुदत द्या." रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी द्यायची, एवढेच काम. औषध कसे देणार ते घरच्यांकडून वदवून घेतल्याशिवाय बाई कुणाला उठू देत नसत. गयाबाईंनीही बिनचूक सांगितले, "सकाळी, उपाशीपोटी."

पावसाळा सरत आला तरी म्हणावा तसा फरक नाही. गयाबाई तणतणत आल्या, "पाव्हणे बघून गेले, बाई. आता न्हाई थांबत."

बाईंनी पुन्हा विचारले, "गोळी कशी देता?"

"उपाशीपोटी. पेलाभर दुधासंगं."

"दुधाबरोबर? मग उपाशी कुठं राहिली?"

"दुधानं कुटं उपास मोडतो का, बाई? आन् उष्ण गोळी ती, नुस्त्या पान्यासंगं दिली तर पोरीचं आंग जळंल."

मी कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र गयाबाईंचा हात हातात घेतला. "दुधामुळं गोळी अंगी लागत नाही. उद्यापासून नुसत्या पाण्याबरोबर द्या, दूध तासाभरानं. पण गयाबाई, जिला घालवायची, तिला कुणी रोज पेलाभर दूध देतं का?"

गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "पाव्हण्याला न्हाई म्हनून कळविते."

बाईंनी मात्राही थोडी वाढवली. दिवाळीला रुक्मिणबाई फराळाचा डबा घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना ओळखलेच नाही. पुढे त्यांना मुलगा झाला. बारशाला गयाबाईंनी बाईंना मानाने पाटावर बसवले. मला मात्र पंगतीत वाढायला लावले, आणि तेही मी आनंदाने केले.

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे आणि त्यांच्या साऱ्या ग्रंथींनी असेच शिस्तीत काम करावे, ही माझी प्रार्थना. पण या लेखासाठी रुक्मिणबाईंना भेटलो, तेव्हा त्यांनी दिलेल्या शुभेच्छा माझ्याहून मोलाच्या आहेत. आता त्या स्वतः सासू आहेत. डोळे पुसत म्हणाल्या, "बाईला सांगा, तुमच्यामुळं मी नांदले. आता तुमी शंभर वर्सं सुखानं नांदा."