बिब्ब्याची फुली

"तुमी फक्त सही करा म्याडम, बाकीचं मी पाहून घेतो," कमलाबाई म्हणाल्या आणि कागद माझ्या टेबलावर सरकवला.

कमलाबाई आमच्या गावातल्या मुलींच्या सरकारी हॉस्टेलच्या वॉर्डन. त्यांच्यामागे दाराशी नंदा उभी होती. दहावीतली, सडपातळ, हातात पत्र्याची पेटी. पेटी पाहूनच माझं डोकं फिरलं. म्हणजे तपासणीच्या आधीच निकाल लागला होता. मुलीला संसर्गजन्य त्वचारोग आहे, इतर मुलींसोबत ठेवता येणार नाही, एवढं मी लिहून द्यायचं आणि बाईंनी तिला घरच्या बसमध्ये बसवून द्यायचं.

दहावीची पब्लिक परीक्षा, म्हणजे बोर्डाची, तोंडावर आली होती. नंदाच्या गावात शाळा पाचवीपर्यंत. आई, शेवंताबाई, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. हॉस्टेल सुटलं की शाळा सुटली, आणि शाळा सुटली की नंदाही दुसऱ्या दिवशी आईबरोबर कापसात. हे कमलाबाईंना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि पेटी घेऊन उभ्या असलेल्या त्या पोरीला तर सगळ्यात जास्त माहीत होतं.

तेव्हा आदिलाबाद आंध्र प्रदेशात होतं. मी मूळची तिथल्याच मुधोळची. जैनथच्या बाजूला, पैनगंगेच्या अंगाला एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसर होते. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही.

"सही नंतर. आधी पेशंट पाहू द्या," मी म्हटलं.

"पाहायचं काय त्यात? खरूज हाय. मागं मोठे साहेब आले होते, तेच सांगून गेले. औषधाचा ड्रम पाठवला त्याईनं. हॉस्टेलात धा-बारा पोट्ट्यायले झालं, पण ईचं जातच नाई. घरी धाडलं होतं तं बरी होऊन आली, अन् आली का पुन्हा सुरू. त्या वस्तीतूनच घेऊन येते. आंघोळ करत नसन."

"करते मी," नंदा एकदम बोलली. "दोनदा करते. थंड्या पान्यानं."

"पाह्यलं? उलटून बोलून राह्यली."

मी कमलाबाईंना बाहेर बसायला सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. मला फार आवडलं.

आता खरजेबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खरूज, आमच्या भाषेत स्केबीज, एका बारीक किड्यामुळे होते. तो किडा बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती घर करतो. रात्री खाज वाढते आणि शेजारी झोपणाऱ्यालाही ती लागते. मी नंदाचे हात पाहिले. बोटांच्या बेचक्या स्वच्छ. मनगटं स्वच्छ. मग तिने मान वळवली.

मानेच्या मागे, केस संपतात तिथे, पुरळाचा जाड लाल चट्टा होता. खाजवून खाजवून कातडी सोलली होती, काही ठिकाणी पाणी सुटलेलं. दुसरा चट्टा कमरेला डाव्या बाजूला. बाकी अंगावर काही नाही. मी पुष्कळ खरूज पाहिली आहे, पण जागा ठरवून बसणारा किडा मी अजून पाहिलेला नाही.

"घरी गेल्यावर बरं वाटलं होतं?"

"हो. मायनं खोबरेल लावलं. चार-पाच दिवसात सुकलं."

"घरी काय घालत होतीस?"

"मावशीचा जुना परकर-पोलका. युनिफॉर्म धुवून पेटीत ठेवला होता. खराब कायले करायचा?"

मी म्हटलं, कुर्ता काढ आणि उलटा करून दाखव. माझ्या नर्सने तिच्या अंगावर चादर टाकली. कुर्त्याच्या मानेच्या पट्टीवर आतून काळ्या ठसठशीत आकड्यात तिचा हॉस्टेल नंबर होता. त्याच्या शेजारी तितकीच काळी, मोठी फुली. सलवारीच्या नेफ्यावर डाव्या बाजूला तोच नंबर, तीच फुली.

"ही फुली कसली?"

नंदा खाली पाहत म्हणाली, "खरजेची. ज्यायले खरूज हाय त्याईच्या कपड्यावर टाकतात. त्याईचे कपडे येगळ्या हंड्यात धुतात. जेवायले बी शेवटाले बसा लागते."

मला काय वाटलं ते साध्या शब्दांत सांगते. मला संताप आला. पुरळ उठलेल्या मुलींवर कोणीतरी खूण करत होतं, आणि जिथे खूण तिथेच पुरळ. मला अंदाज आला होता, पण अंदाजावर सही नाकारता येत नाही. मी कमलाबाईंना म्हटलं, चला, हॉस्टेल पाहायचं आहे.

हॉस्टेलच्या मागच्या अंगणात दोन दोऱ्या बांधलेल्या होत्या. एकीवर सगळ्यांचे कपडे. दुसरी लांब, संडासाच्या भिंतीलगत, तिच्यावर फुलीवाले. व्हरांड्यात नव्या चादरींची चळत होती. कमलाबाई अभिमानाने म्हणाल्या, "आज खरूजवाल्या पोट्ट्यायच्या चादरींवर बी फुली टाकून देतो. नंबर असो का फुली, हे काम मी कोनाच्या हाती देत नाई."

आणि त्यांनी माझ्यासमोर काम सुरू केलं. आधी वाटीतलं गोडं तेल दोन्ही हातांना, पार मनगटापर्यंत चोपडलं. मग डब्यातून बिब्बा काढला. सुई टोचली, काळा चीक काडीवर घेतला, चादरीच्या कोपऱ्यावर फुली ओढली आणि वरून चुना दाबला. त्याने रंग पक्का बसतो. कापड फाटेपर्यंत जात नाही. आमच्याकडे जंगलात बिब्ब्याला तोटा नाही, आणि शाईसारखे त्याला पैसे पडत नाहीत.

"कमलाबाई, हाताला तेल काऊन लावलं?"

"म्हंजे? बिब्बा उतते न म्याडम! आंगावर फोड येतात, खाज सुटते. लहानपनी मायाच हाताले उतला होता." त्या हसल्या. "तुमी डाक्टर असून इतलं माहीत नाई?"

मी त्यांच्या तेल चोपडलेल्या हातांकडे पाहिलं. मग चादरीवरच्या फुलीकडे. हळूहळू त्यांचं हसू ओसरलं आणि काडी हातातच राहिली.

ज्या गोष्टीला त्यांच्या तोंडात 'उतणं' हा शब्द होता, जिच्यापासून स्वतःचे हात वाचवायला वाटीभर तेल होतं, तीच गोष्ट त्या पोरींच्या मानेवर टाकत होत्या. आणि पोरींना पुरळ उठलं की म्हणत होत्या, घाण आहेत.

"पन तो ओला असला तं उतते," त्या पुटपुटल्या. "धुतल्यावर काय राहते?"

"राहतं. घाम आला की पुन्हा लागतं."

"मंग सगळ्यायलेच काऊन नाई झालं?"

प्रश्न बरोबर होता. याला आम्ही कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतो. एखाद्या वस्तूच्या स्पर्शाने कातडी चिडते. सगळ्यांची चिडत नाही, काहींचीच चिडते, पण एकदा चिडली की दरवेळी आधीपेक्षा जोरात. ज्या मुलींना नंबराच्या बिब्ब्याने पुरळ आलं, त्यांना वरून फुली मिळाली. म्हणजे ज्यांना विष सोसत नव्हतं, त्यांनाच वाढून दिलं. आणि वर ड्रममधलं औषध, जे सोललेल्या कातडीला झोंबतं. हा होता आमच्या हॉस्टेलचा सफाई कार्यक्रम!

मी आदिलाबादला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, म्हणजे त्या मोठ्या साहेबांना, फोन लावला. लाइन लागायला अर्धी दुपार गेली.

"देखो अम्मा," साहेब म्हणाले, "स्केबीज बोल के रिपोर्ट ऊपर चला गया. अब तुम नया बात मत करो."

"सर, स्केबीज नहीं है. आपने किसी लडकी का हाथ देखा था?"

"वॉर्डन ने बताया था."

"मतलब नहीं देखा."

पलीकडून इंग्रजीत दोन वाक्यं झाली. माझ्या बदलीविषयी होती. मी म्हटलं, बदली करा सर, पण कागदावर खरूज मी लिहिणार नाही. आणि फोन आपटून ठेवला.

त्या कागदावर मी लिहिलं: रोग संसर्गजन्य नाही, मुलगी हॉस्टेलमध्ये राहण्यास योग्य. नंदाला कॅलामाईनचं लोशन लावलं, खाजेच्या गोळ्या दिल्या आणि खूण केलेले सगळे कपडे बंद केले. शेवंताबाईला निरोप धाडला. ती मजुरी बुडवून आली, तिच्या एका साडीचे दोन कुर्ते शिवून घेऊन. मानेच्या पट्टीवर बाहेरून लाल दोऱ्याने बारीक नंबर काढला होता. "सुईनं कोनाले खाज येत नाई न म्याडम?" तिने विचारलं.

नंदाची मान सुकली. बाकीच्या मुलींचंही थांबलं. आता सगळं संपलं असं मला वाटत होतं. शेवटच्या ड्रेसिंगला आलेली नंदा मात्र उठेना.

"म्याडम, मी घान नवती न?"

"नव्हतीस."

"तुमाले मालूम हाय. मले मालूम हाय. पोरीयले कोन सांगन? अजून कोनी मायाजवळ ताट घेऊन बसत नाई."

त्या संध्याकाळी जेवणाच्या वेळी मी हॉस्टेलात गेले. पंगत बसली होती, फुलीवाल्या मुली शेवटी, मध्ये रिकामी जागा सोडून. मी सगळ्यांसमोर सांगितलं की ही खरूज नव्हती, बिब्बा उतला होता, आणि तो कपड्यांवर हॉस्टेलने टाकला होता. मग कमलाबाईंना म्हटलं, आता तुम्ही सांगा. त्या पातेल्यात पळी फिरवत म्हणाल्या, "म्याडम म्हनतात तं तसंच असन." एवढंच. नंदाची त्यांनी शेवटपर्यंत माफी मागितली नाही. मी माझं ताट घेतलं आणि त्या रिकाम्या जागेत बसले. थोड्या वेळाने दोन मुली ताटं घेऊन आमच्याकडे सरकल्या.

नंदाने परीक्षा दिली. सरकारी युनिफॉर्मच घालायचा असा नियम होता, म्हणून तिने जुन्या कुर्त्यातून फुली आणि नंबर कापून काढले आणि तिथे आईच्या साडीचा तुकडा जोडला. परीक्षेला जाताना मागून तो हिरवा तुकडा लांबून दिसत होता. ती पास झाली. हॉस्टेलला स्वच्छतेबद्दल शाबासकीचं पत्र आलं, ते कमलाबाईंनी फ्रेम करून लावलं. माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मंचेरियलकडे झाली. ड्रम, ऐकते, पुढे पाणी भरायला कामी आला.

त्यानंतर ओपीडीत कोणीही खाज घेऊन आलं की मी आधी कपडे उलटे करून पाहते, कातडी मागाहून. आणि एखाद्या पेशंटला कोणी घाण म्हणालं, की म्हणणाऱ्याच्या हाताला तेल लावलेलं आहे का, ते पाहते.