सांगून सोडायचा दोर

या, असे जवळ येऊन बसा बघू. उंबऱ्यातूनच “बऱ्या आहात ना?” विचारायचं आणि पळायचं, ही कुठली रीत? चहा होईस्तोवर तरी टेका. आणि ते पाय दाराकडे वळवून बसू नका, मन निघालंय हे मला लगेच कळतं. माणसाच्या पायांकडे बघायची ही खोड मला एका माणसानं लावली. त्यांचंच सांगते.

अंबरनाथला आमचा झाकणांचा कारखाना होता. आमचा म्हणजे शेठचा, पण तोंडात आपलं ‘आमचा’च येतं. औषधाच्या बाटल्यांना पत्र्याची झाकणं लागायची, ती तिथं व्हायची. आम्ही वीस-बावीस बाया पॅकिंगला, आणि आमच्यावर हे सुपरवायझर. बदलापूर गावातले आगरी. उंचीनं बेताचे, अंगानं उखळासारखे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. सकाळी खात्यात शिरले की वर मान न करता सगळ्यांच्या पायांकडे बघत एक चक्कर मारायचे. एका नव्या पोरीला वाटलं, साहेबांची चप्पल हरवली असेल. बिचारी टेबलाखाली शोधायला लागली!

“तोंड खोटा बोलतं गो,” दादा म्हणायचे, “पाय नाय बोलत.”

त्यांच्या बोलण्यात ‘ड’चा ‘र’ व्हायचा, आम्ही नक्कल करून हसायचो. पण कुणी एका पायावर भार देऊन उभी दिसली की न विचारता तिच्याकडे स्टूल सरकवायचे आणि तिच्या जागी स्वतः झाकणं भरायला लागायचे.

थंडीत कारखान्यांचे खेळ व्हायचे. दादा तरुणपणी गावाच्या रस्सीखेचीत दोराच्या शेवटी उभे राहायचे, कमरेला दोर गुंडाळून. आम्हा बायांचाही संघ त्यांनीच उभा केला. जेवणाच्या सुट्टीत गोदामामागे जुना दोर घेऊन शिकवायचे. “हाताचा काम नाय, टाचेचा काम हाय. टाच रोवा!” आणि रोज शेवटी एकच ताकीद, “सोराचा त सांगून सोराचा. एकीनं गुपचूप सोरला त बाकीच्या तोंडावर परतान.”

एकदा मुंबईहून कुणी पाहुणे येऊन सगळ्या सुपरवायझरांना ‘माणसं कशी सांभाळावीत’ यावर फळ्यावर लिहून दोन तास शिकवून गेले. दादा परत आले, तेव्हा आम्ही विचारलं, “काय शिकलात?”

“काय नाय. पायांकरं बघा आनि सांगून सोरा, ह्येच इंग्लिशमधी.”

त्या वर्षी आम्ही दुसऱ्या फेरीपर्यंत गेलो. समोरच्या बाया दणकट होत्या. माझ्या तळहाताची साल निघाली, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी दोर सोडला. गुपचूप. माझ्या पुढची शेवंता तोंडावर आपटली, तिचं मनगट मोडलं. मॅनेजर धावत आले. “कुणी सोडला?”

मी सोललेले तळहात पदराआड घेतले. दादांनी सगळ्यांच्या पायांवरून नजर फिरवली, माझ्या पायांपाशी ती क्षणभर थांबली. मग म्हणाले, “मीच बोललो सोराला. चूक माझी.”

नंतर मला बाजूला घेऊन हाताला खोबरेल लावलं. “हात जलला त ओरराचा. सगल्या मिलून सोरू. हरलो त हरलो.” पुन्हा कधी विषय काढला नाही. शेवंताला मी स्वतःच सांगितलं, पण ते महिन्यानं, धीर आल्यावर.

नव्वद सालानंतर प्लास्टिकची झाकणं आली आणि आमचं काम रोडावलं. घरी आमच्या यांचं काम आधीच सुटलेलं, दोन मुली शाळेत. तेव्हा उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यात मला जागा चालून आली. मालकीण सिंधी भाभी. म्हणाली, “चेकिंग का काम है, पक्का. सोमवार तक बता दे, बहन.”

मी दादांना गाठलं. “दादा, खरं सांगा. इथलं काही खरं आहे का? मी जाऊ?”

“थांब,” ते म्हणाले. “धरून ठेव. मोठी ऑर्डर हाय.”

सवयीनं माझी नजर खाली गेली. त्यांच्या टाचा उचललेल्या होत्या. एक चप्पल दाराकडे वळलेली. मी ते पाहिलं, हो, चांगलं पाहिलं. आणि तरी तोंडावर विश्वास ठेवला, कारण ते तोंड दादांचं होतं.

भाभीला नाही म्हणून कळवलं. तीन आठवडे मान मोडून आम्ही ऑर्डर पुरी केली. माल गेला आणि पुढच्या सोमवारी गेटला कुलूप, वर कागद चिकटवलेला. दादा रस्त्यापलीकडे उभे होते. शेवंतानं विचारलं, “दादा, तुम्हाला ठाऊक होतं?”

ते आमच्या पायांकडे बघत राहिले. मान वर केलीच नाही.

कॅम्प पाचची जागा तोवर भरली होती. मग मी घरी गठ्ठे आणून जीन्सचे धागे कापायला लागले. वर्षानुवर्षं बोटं निळी.

एका दुपारी दादा आमच्या हेंद्रेपाड्यातल्या घरी आले. हातात वालाच्या शेंगांची पिशवी. बसले नाहीत.

“शेठनं शपथ घातलेली,” म्हणाले. “वाटला, ऑर्डर येलेवर गेली त कारखाना वाचल. तुमाला सांगितला असता त निम्म्या निघून गेल्या असत्या. पन सांगून सोराला पायजे होता गो. तू त इचारलावतास.”

मी धागे कापत राहिले. माझी एक चूक ज्यांनी सगळ्यांदेखत स्वतःच्या डोक्यावर घेतली, त्यांना मला “असू दे, दादा” एवढं म्हणता आलं नाही.

दारातून वळून म्हणाले, “एकदा ये घरी. गावात कुनीबी दाखवल.”

“येईन,” मी म्हणाले, कात्रीकडे बघत.

हेंद्रेपाड्याहून बदलापूर गाव ते कितीसं! चालत जाणारी माणसं आहेत. पण आज मुलीची परीक्षा, उद्या गठ्ठा द्यायचा, परवा आणखी काही. खरं सांगू? राग होता. त्यांनी सांगितलं असतं तर माझं घर सावरलं असतं. आणि सगळ्यांना सांगितलं असतं तर गेट कदाचित आधीच बंद झालं असतं. अजून रात्रंदिवस दोन्ही बाजूंनी ओढून बघते, दोर काही कुठे सरकत नाही.

चार वर्षांनी शेवंता सांगत आली, दादा गेले. तेव्हा गेले मी. त्यांची बायको म्हणाली, “झाकनाच्या कारखान्यातली का तू? हेंद्रेपाड्याची? दर सालाला तुझ्यासाठी वाल काढून ठेवाचे. येल म्हनाचे.”

ओटीवर त्यांच्या रबरी चपला तशाच होत्या. पुढून नव्यासारख्या, टाचेकडे झिजून पार भोक पडलेलं.

झाला तुमचा चहा? बरं, जा आता. पण “येईन” म्हणू नका हो, तो शब्द मी एकदा वापरून बसलेय. याच. लवकर या, आणि चपला काढून निवांत बसा.