राऊत सर आणि न दिसलेली रेषा

राऊत सरांची माझी पहिली भेट झाली ती वसईकडच्या गास गावातल्या त्यांच्या वाडीत. मी विरारच्या फुलपाड्याची, पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधत गेलेली. सरांच्या आईंनी "पानी घे गं पोरी" म्हणत तांब्या पुढे केला आणि सरांनी आलेखाचा कागद. "दीर्घिकेच्या केंद्रात वायूचे दाट ढग एकमेकांवर आदळले की धुळीचे कण फुटतात. त्यातून सुटलेलं सिलिकॉन ऑक्सिजनला चिकटतं. त्या रेणूची रेडिओलहर आलेखात रेषा म्हणून उमटली, की समजायचं, तिथे टक्कर झाली आहे. कळलं?" निम्मंच कळलं होतं, पण मान मी जोरात हलवली.

सरांची एक शिस्त होती. निरीक्षणांची फाइल उघडण्याआधी, रेषा जिथे यायला हवी तिथे कागदावर पेन्सिलने खूण करायची. "आधी खूण, मग डोळे," असं ते बजावत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस परदेशातल्या दुर्बिणीवरून आम्ही निवडलेल्या दीर्घिकेची निरीक्षणं आली. खुणेवर बारीकसा उंचवटा! मी हरखले. यंत्रामुळे आलेखाची पार्श्वभूमी लाटेसारखी वरखाली होते, ती वजा करावी लागते. मी ती इतक्या हौसेने वजा केली की उंचवट्याचं चांगलं शिखर झालं. शोधनिबंध रवाना झाला. पंधरा दिवसांनी सरांनी सगळी आकडेमोड स्वतः पुन्हा केली, तर शिखर गायब.

"अगं, हे शिखर दीर्घिकेचं नाही, तुझ्या हौसेचं आहे."

माझा अख्खा प्रबंध त्या रेषेवर उभा होता. "सर, कुणाला कळणार आहे?" असं मी बोलून गेले. आज लिहिताना लाज वाटते. सर चिडले नाहीत. "मला कळलंय ना," म्हणाले आणि त्याच दुपारी त्यांनी निबंध मागे घेतला. चर्चासत्रात सर्वांसमोर सांगितलं, "तपासणं माझं काम होतं. मी चुकलो."

रविवारी स्कूटरला केळ्यांचा घड बांधून ते आमच्या घरी आले. बाबा घुश्शातच होते. "सर, पोरीची चार वर्षं गेली!"

"गेली नाहीत, साहेब. पुन्हा निरीक्षणं घेऊ. तिचा प्रबंध पुरा झाल्याशिवाय मी दुसरा विद्यार्थी घेणार नाही."

बाबांनी घड उचलून आत नेला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

दुर्बिणीसाठीचा आमचा अर्ज दोनदा फेटाळला गेला. सरांनी तो तिसऱ्यांदा लिहिला. वेळ मिळाला, फाइल आली, आणि खुणेवर काहीच नव्हतं. लहर असलीच तर ती या दुर्बिणीला दिसू शकेल त्याहून क्षीण आहे, एवढंच आम्ही ठामपणे लिहिलं. प्रबंधाच्या परीक्षकांना तेच प्रकरण सर्वांत भरवशाचं वाटलं. सरांनीही शब्द पाळला होता. तोवर नवा विद्यार्थी घेतला नव्हता.

आज सरांना साठ वर्षं पूर्ण होत असताना या गौरवग्रंथासाठी लिहिते आहे. "रेषा तिथे आहेच," हा त्यांचा हट्ट कायम आहे. आता अधिक मोठी दुर्बीण उभी राहते आहे. आमचा अर्जही तयार आहे. सर, गोळ्या वेळेवर घ्या, वाडीतल्या ओल्या कट्ट्यावर चढू नका, ठणठणीत राहून शंभरी पार करा. ती फाइल उघडेन तेव्हा तुम्ही मला शेजारी हवे आहात. माझी हौस अजून गेलेली नाही. तुमची पेन्सिलची खूण मी तशीच ठेवली आहे.