हरण्याच्या पोटातला गंज

औंढ्याच्या रखमाजीला मी पहिल्यांदा पाहिलं ते पोळ्याच्या दिवशी. तो एका मोटारसायकलला पुरणपोळी भरवत होता. हेडलाइटच्या जरा खाली, जिथं गाडीचं तोंड असावं असा त्याचा अंदाज होता, तिथं त्याने घास धरला होता. हँडलला दोन्हीकडे गोंडे होते. सीटवर झूल होती आणि झुलीवर एक कोंबडी बसली होती. मी एकतीस वर्षं रंगभूमीवर काढली, पण इतकं जीव ओतून केलेलं काम फार थोड्या वेळा पाहिलं. राहवेना म्हणून मी टाळ्या वाजवल्या. कोंबडी उडाली. रखमाजी हलला नाही.

"खातोय का?" मी विचारलं.

"आजारी हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "पोटात गंज धरलाय."

मी खरं तर लोणावळ्याच्या तुंगार्लीतल्या आमच्या बागेसाठी माणूस शोधत गेलो होतो. तो मिळाला. त्या दिवसापासून रखमाजी आठवड्यातून दोनदा येतो, जास्वंदीशी बोलतो, माझ्याशी त्याहून थोडं कमी बोलतो. मी नाटकात राजाची कामं करायचो हे कळल्यापासून मला 'राजे' म्हणतो. एवढ्यावर मी त्याला सकाळ-संध्याकाळ चहा देतो.

त्या मोटारसायकलची हकीगत अशी. पस्तीसेक वर्षांपूर्वी रखमाजीची बायको शालूबाई हिला तिच्या भावाने, नवलाख उंबऱ्याच्या निवृत्तीने, भाऊबीजेला ती गाडी ओवाळणीत घातली. निवृत्तीला कारखान्यात नुकतीच नोकरी लागली होती आणि ताटात नारळ ठेवून त्याचं समाधान होईना. रखमाजी तीच गाडी चालवायला शिकला, दुसरी कुठली शिकलाच नाही. मग गाडी बंद पडून गोठ्यात गेली आणि अकरा वर्षं तिथंच राहिली. शेजारच्या दावणीला रखमाजीचा शेवटचा बैल होता, हरण्या. तो विकला तेव्हा रखमाजी तीन दिवस रिकाम्या गोठ्यात बसून रडला. चौथ्या दिवशी त्याची नजर गाडीवर पडली. तेव्हापासून गाडीच हरण्या.

गेल्या फाल्गुनात निवृत्तीचा फोन आला. फोन स्पीकरवर होता आणि मी रखमाजीच्याच पडवीत बसलो होतो.

"दाजी, माझ्या ओवाळणीवर कोंबड्या अंडी घालत्यात म्हनं?"

"एकच घालती," रखमाजी म्हणाला.

"ऐका. चैत्रात आमची जत्रा. त्या दिशी बाराच्या आत गाडी सोताच्या पायानं माझ्या दारात आली पायजे. ढकलत न्हाई, टेंपोत न्हाई. न्हाई आली तर दुसऱ्या दिशी भंगारवाला घिऊन येतो. कागद अजून माझ्याच नावावर हायेत."

"आन् आल्याव कोन बगनार, ढकलली का न्हाई?"

"ते तुमचे राजे हायेत ना, त्यांना पंच करा. राजा खोटं बोलत न्हाई."

मी नाटकातला राजा आहे हे निवृत्तीला कोणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

फोन ठेवून रखमाजी माझ्याकडे वळला. "राजे, हरण्या एकदा इकला. दुसऱ्यांदा इकायचा न्हाई."

गाडीची पेट्रोलची टाकी उतरवली. झाकण उघडून आत बॅटरी मारली तर सगळं चहाच्या जुन्या गाळणीसारखं तांबूस, खरबरीत. पेट्रोल खाली सोडणाऱ्या कॉकच्या नळीवरची जाळी हात लावताच भुगा होऊन पडली. लोणावळ्याचा मेकॅनिक म्हणाला, ॲसिडने धुवा. रखमाजीला ॲसिड हा शब्दच मानवेना. बैलाला कोणी ॲसिड पाजतं का? शालूबाई म्हणाली, "तांब्या-पितळंला चिंच चालती, तर याला का न्हाई?" मग चिंच भिजली, कोळ झाला, मीठ पडलं. कोळ गाळायला शालूबाईने जुनं लुगडं दिलं. रखमाजीने घाईत ते डोक्याला गुंडाळलं आणि कोळ तसाच ओतला. वर मूठभर खडी आणि जुने नट टाकले, आत खरडायला. कॉकच्या भोकाला दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा बुरखुंडा ठोकला.

आता टाकी हलवायची. इथं मी पुढे सरसावलो. राजा व्हायच्या आधी सहा वर्षं मी विंगेत पत्रा हलवून ढगांचा गडगडाट करायचो, आणि माझा गडगडाट ऐकून पहिल्या रांगेतल्या बायका पदर डोक्यावर घ्यायच्या. मी टाकी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आधी लांबचा ढग, मग डोंगरामागचा, मग थेट माथ्यावरचा.

शेजारच्या मुक्ताबाई धावत गच्चीवर गेल्या. त्यांच्या कुरडया वाळत होत्या. सगळ्या गोळा करून खाली आणल्या, तर लख्ख ऊन. पुन्हा नेऊन पसरल्या. मी दुसरा अंक सुरू केला. मुक्ताबाई पुन्हा वर.

"राजे, गडगडाट नको, नुसतं हालवा!" रखमाजी कळवळला.

"नुसतं हलवणं मला येत नाही," मी म्हणालो.

पाचव्या खेपेला मुक्ताबाई कुरडयांचं सूप घेऊन दारातच उभ्या राहिल्या. "शालू, तुमच्या ह्या राजाला आधी इचार, आज पाऊस पाडनार हायेस का उद्या. मंग मी कुरडया घालते."

दुसऱ्या दिवशी टाकी उपडी केली. तांबडं पाणी गेलं, नट आणि खडी गेली, धुतल्यावर आत चांदी दिसली. आम्ही तिघांनी आळीपाळीने डोळा लावून पाहिलं. टाकी उन्हात ठेवली आणि त्या आनंदात चहा प्यायला बसलो. परत येऊन बघतो तर चांदीवर पुन्हा तांबूस छटा. अर्ध्या तासात! ओलसर उघडं लोखंड गंजायला किती उतावीळ असतं हे मला माहीत होतं, कारण आमच्या नाटकातल्या तलवारी तशाच होत्या. प्रयोग संपला की त्यांना तेल लावून ठेवायचो.

"तेल," मी म्हणालो, आणि इथं माझी चूक झाली. कुठलं तेल, किती, ते मी सांगितलं नाही.

चिंचेचा हात पुन्हा फिरवला, टाकी तापल्या पत्र्यावर कडकडीत वाळवली. शालूबाईने घरातलं तळणाचं खुरासणीचं तेल आणलं, वाटीभर. ते आत घालून टाकी गोल गोल फिरवली. खरं म्हणजे उरलेलं ओतून काढायचं. पण रखमाजीने बुरखुंडा काढून तोच बिनजाळीचा कॉक बसवला आणि वाटीतला एक थेंबही बाहेर येऊ दिला नाही.

"शर्यतीच्या बैलाला तेल पाजत्यात. ह्यानं तर आकरा वर्सं काय खाल्लं न्हाई. राहू द्या पोटात."

जत्रेच्या दिवशी सकाळी पेट्रोल घातलं. पाचव्या किकला हरण्या जागा झाला, खोकला, आणि अंगणभर कांदाभज्यांचा वास पसरला. मुक्ताबाई भिंतीवरून डोकावल्या. "अगं बया, सकाळी सकाळी तळन?"

गाडीवर रखमाजी, मागे शालूबाई एका अंगावर बसलेली, दोघांच्या मध्ये ओटीची भली मोठी पिशवी. गाडी आल्यापासून अशीच मध्ये पिशवी घेऊन ती बसायची, लोक काय म्हणतील म्हणून. मी पंच, मागून रिक्षात. लोणावळ्याच्या बाजारात गर्दीमुळे थांबलो तेव्हा फिरायला आलेल्या पोरांचा एक घोळका वासावर आला.

"काका, भजी प्लेट कशी?"

"भजी न्हाई वो, हरण्या हाय," रखमाजी म्हणाला. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाने "दोन प्लेट हरण्या" सांगितलं.

कार्ला फाट्याच्या पुढे गाडी बंद पडली. किक मारली, नाही. रखमाजीने टाकी हलवली, आतून 'टक' असा एकच आवाज आला.

"चिंचोका," शालूबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "गाळा म्हनलं व्हतं. लुगडं डोक्याला कुनी बांधलं?"

एखादा चिंचोका आत राहिला होता आणि जाळी नसलेल्या नळीच्या तोंडावर बूच होऊन बसत होता. टाकी उतरवायची तर पाना घरी. साडेदहा झाले होते. रखमाजी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. त्याचा चेहरा मी पाहिला. रिकाम्या गोठ्यातला चेहरा असाच असणार.

शालूबाईने टाकीवर तळहाताने एक सणसणीत थाप मारली. चिंचोका सरकला. किक मारली, गाडी सुरू! किलोमीटरभर गेली, पुन्हा गचके. पण आता औषध सापडलं होतं. फक्त रखमाजीचे दोन्ही हात हँडलवर, थाप मारणार कोण?

शालूबाई उतरली. रिक्षाजवळ आली, ओटीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि मला दम दिला, "राजे, हिकडं बगायचं न्हाई." मग लुगड्याचा काचा आवरून ती दोन्हीकडे पाय टाकून बसली, नवऱ्याच्या कमरेला दोन्ही हातांनी वेढा घातला आणि पुढची टाकी गाठली. धप! धप! धप!

मी अर्थातच बघितलं. पंच होतो. कामशेतला लोक थांबून बघत होते, वडगावला एका बाईने तोंडाला पदर लावला, तळेगावात एक पोलीस हसला. म्हातारा नवरा ताठ, म्हातारी बायको त्याला मिठी मारून टाकी बडवतेय, मागे भज्यांचा धूर.

बाराला सात मिनिटं कमी असताना गाडी निवृत्तीच्या दारात उभी राहिली. निवृत्ती मनगटावरचं घड्याळ बघत ओट्यावर उभा होता.

"राजे, ढकलली?"

"नाही," मी म्हणालो. खरं बोलणं इतकं सोपं असतं हे मी विसरलो होतो.

"पन थापटत आनली की! सोताच्या पायानं कुटं आली?"

"दादा," शालूबाई मिठी न सोडताच म्हणाली, "बैलाला थापटत न्हाईत व्हय? मंग काय त्यो तुझ्या पायानं चालतो?"

निवृत्तीने नाक वर करून हवा हुंगली. "ते ऱ्हाऊ दे. भजी कुटं हायेत?"

बहिणीच्या नावावर करायचे कागद त्याच संध्याकाळी सहीला निघाले.

निवृत्तीचा ओळखीचा मेकॅनिक पाना घेऊनच आला होता. दहा मिनिटांत चिंचोका काढून देतो म्हणाला. रखमाजीने टाकीवर आडवा हात ठेवला.

"नको," तो म्हणाला. "हरण्याला थापटायची सवय लागलीया."

शालूबाईने ऐकलं. परतीला तिने पिशवी पुन्हा माझ्या मांडीवर आणून ठेवली.