आत्याची कॅसेट आणि चौऱ्याऐंशी सेकंद

नागपूरच्या आमच्या नंदनवन भागातल्या वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही दहा जण गाणी ऐकायला बसतो. नोंदवही माझ्याकडे असते. यंदा ठरलं की फक्त बायकांनी गायलेले, वाजवलेले जुने अल्बम घ्यायचे. प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक आणायचा. पहिला येईल तो वार्षिक दिवशी वाचनालयाच्या अंगणात मोठ्या स्पीकरवर अथपासून इतिपर्यंत लावायचा. स्वतःच्या अल्बमला गुण द्यायचे नाहीत, म्हणजे गुण देणारे नऊ आणि एकूण गुण नव्वद. पहिल्या फेरीत पाच निवडायचे, पुढच्या महिन्यात त्यातून एक. हे नियम मीच लिहिले होते.

कोणी गझल आणली, कोणी लावणी. शाळेतून निवृत्त झालेल्या संगीताच्या बाई ठुमरीची जुनी तबकडी घेऊन आल्या. मी आणली ती उमरेडच्या विहारात गाणाऱ्या पाच बायांची कॅसेट. तिच्यात हातमागाची, खाणीची, पोरींच्या शाळेची गाणी आहेत. वेष्टनावर पांढऱ्या लुगड्यातल्या पाच जणी उभ्या आहेत. कवीचं नाव आहे, कॅसेट काढणाऱ्याचं आहे, रेकॉर्डिंग करणाऱ्याचंही आहे. पाच बायांपैकी एकीचंही नाही. डावीकडून दुसरी, ढोलकवाली, ती माझी आत्या.

आत्या आता पंच्याहत्तरीची आहे. कॅसेट निघाली तेव्हा तिच्या घरी टेप नव्हता. नागपूरला आमच्याकडे आली की माझ्या डेकवर ऐकायची. आपलं वाजवणं चारचौघांत मोठ्याने लागलेलं तिने कधी ऐकलेलं नव्हतं. वार्षिक दिवशी तिला पुढच्या खुर्चीत बसवून ते ऐकवायचं, एवढीच माझी इच्छा होती.

पहिल्या फेरीसाठी मी कॅसेट घरच्या डेकवरून पेनड्राइव्हवर उतरवून नेली. गुण पडले बावन्न. पाचवा नंबर, म्हणजे आत शिरायला मिळालेली शेवटची जागा. गांधीबागेत कापडाचं दुकान असलेले आमचे एक सभासद तोंडाने फटकळ आहेत. ते म्हणाले, "भाऊ, बाया गाऊन राहिल्या का झोपून राहिल्या?" संगीताच्या बाई सौम्यपणे म्हणाल्या, "शब्द छान आहेत. पण आवाज दमलेले वाटतात, आणि ढोलक मागे ओढतं."

मनातून मलाही तसंच वाटत आलं होतं.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. "कितवा नंबर आला गा?"

मी खरं ते सांगितलं. ढोलक मागे राहतं असं म्हणतात, हेही सांगितलं.

ती म्हणाली, "तुले तं मी तवाच सांगलं होतं. माहा हात हळू नाही. तुहा डब्बा हळू हाय."

हे तिने खरंच सांगितलं होतं, तीसेक वर्षांपूर्वी, माझ्याच घरात बसून. मी हसलो होतो. विजेच्या मीटरचा आकडा दर एक तारखेला लिहून ठेवणारा मी, तेवढी एक गोष्ट कधी तपासून पाहिली नव्हती. बाईमाणूस आपली चूक मशीनवर ढकलते आहे, असं मी धरून चाललो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ घेऊन डेकसमोर बसलो. वेष्टनावर प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं-सेकंद छापलेले आहेत. पहिल्या बाजूची बेरीज तेवीस मिनिटं वीस सेकंद. माझ्या डेकवर लागली चोवीस मिनिटं चव्वेचाळीस सेकंद. पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. चौऱ्याऐंशी सेकंद जास्त. चौदाशे सेकंदांत चौऱ्याऐंशी म्हणजे शेकडा सहा.

डेक उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने आपली तपासणीची कॅसेट घालून पाहिली आणि म्हणाला, "सहा टक्के मागं चालून राहिला. कोणीतरी मोटर कमी करून ठेवली." मी तो डेक जुनाच विकत घेतला होता. माझ्या घरातलं प्रत्येक गाणं इतकी वर्षं त्याच चालीने चाललं, आणि कानाला तेच खरं वाटत गेलं. मोटरच्या मागे बारीक भोकात एक स्क्रू असतो. त्याने तो जरासा फिरवला.

घरी येऊन कॅसेट लावली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने विचारलं, "ही नवीन कोणाची आणली?"

दुसऱ्या फेरीच्या दिवशी आत्या उमरेडहून सकाळच्या एसटीने आली. मी तिला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि आत जाऊन सगळा हिशेब मांडला. छापलेली वेळ, माझी वेळ, फरक, दुरुस्ती. पहिल्या फेरीत मी तुम्हाला चुकीचं ऐकवलं, चूक माझी, हेही सांगितलं.

कापडवाले म्हणाले, "भाऊ, पळवलं तं माहं घोरणंही गोड लागते."

हसू झालं, पण मुद्दा बरोबर होता. छापलेले आकडे चुकीचे नसतील कशावरून? नियमाने विचार केला तर मीही हीच शंका काढली असती.

तेव्हा संगीताच्या बाई उठल्या. "वाजवणाऱ्या आल्यात ना? कॅसेट अजून लावू नका." त्यांनी आत्याला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि विचारलं, "मावशी, तुम्ही कोणत्या पट्टीत गात होतात, आठवतं?"

"काळी पाच," आत्या म्हणाली. विचार करायलाही थांबली नाही.

"नक्की?"

"नक्की म्हणजे? आमच्या पेटीवालीनं काळी पाचवर नखाचा लाल रंग लावला होता. तिले दुसरी पट्टी येतच नव्हती. आम्हाले सर्दी होवो का खोकला, काळी पाच."

वाचनालयाची पेटी कपाटातून काढली. "कॅसेट हळू चालली तर सूरही खाली उतरतो," बाई म्हणाल्या. त्यांनी काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, दाबून धरली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मी आधी जुना पेनड्राइव्ह लावला. पेटी आणि गाणं एकमेकांना चावायला लागली. बाईंनी बोट एक घर खाली, पांढऱ्या सहावर नेलं, तेव्हा जुळलं. मग सोबत आणलेल्या दुरुस्त डेकवर कॅसेट लावली. बाईंचं बोट परत काळी पाचवर गेलं, आणि पेटीचा सूर गाण्यात असा मिसळला की वेगळा ऐकूच येईना.

बाईंनी बोट उचललं नाही. गाणं संपेपर्यंत त्यांनी तो सूर धरून ठेवला. माग चालतो तसं ढोलक चाललं होतं, ठाम, आणि वर पाच आवाज ताजे. कापडवाल्यांचा पाय हलत होता. दुसरं गाणंही लागलं. थांबवा असं कोणी म्हणालं नाही.

मग बाई म्हणाल्या, "मावशी, मागच्या महिन्यात मी तुमचं ढोलक मागे ओढतं म्हटलं होतं. ते मी परत घेते."

आत्या म्हणाली, "तुमचं काय चुकलं वं बाई. आइकलं तेच सांगलं." आणि माझ्याकडे पाहिलं.

गुणांच्या चिठ्ठ्या मी उघडल्या नाहीत. बाईंना उघडायला लावल्या. ठुमरीला एकोणऐंशी. आत्याच्या कॅसेटला त्र्याऐंशी. कापडवाल्यांनी दहापैकी दहा दिले होते आणि वर म्हणाले, "घोरण्याले कोणी एवढे देत नाही."

नोंदवहीत मी अल्बमची माहिती भरली. कलाकारांच्या रकान्यात आत्याने सांगितली तशी पाचही नावं लिहिली, आडनावासकट, आणि प्रत्येकीपुढे तिने काय केलं ते.

वार्षिक दिवशी अंगणात साठ खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं त्याहून जास्त आली, मागे भिंतीला टेकून उभी राहिली. पाच जणींपैकी तिघी आता हयात नाहीत. पेटीवाली वर्ध्याहून आली आणि आत्याशेजारी बसली. स्पीकर लागला. मी सवयीने मनगट वर केलं. पहिली बाजू संपत आली तसं काटा कुठे पोचतो ते पाहायचं होतं.

आत्याने माझं मनगट धरून खाली केलं.

"घड्याळ काय पाहून राहिला गा," ती म्हणाली. "आइक."